माय गोठ्यात पडली होती, हे डॉक्टरांना सांगितलंत का?

पत्र थोडक्यात: ताई, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी. माय ६१ वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिच्या उजव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर किमो आणि शेक (रेडिएशन) झाले. आता रोज लेट्रोझोलची गोळी चालू आहे. दिवाळीच्या आधी गोठ्यात शेणावरून घसरून पडली होती, पण हळद-तेल चोळून चार दिवसांत उठली, नंतर कापूसही वेचला. दोन महिन्यांपासून मात्र कंबर दुखते म्हणते. डॉक्टरांनी जानेवारीत नाशिकला बोन स्कॅनसाठी पाठवलं. रिपोर्टमध्ये डावीकडच्या सहाव्या, सातव्या, आठव्या बरगडीत, कमरेच्या एल-४ मणक्यात आणि दोन्ही गुडघ्यांत अपटेक वाढलाय असं आहे. खाली लिहिलंय, 'मेटास्टेसिस रूल आउट करावे, क्लिनिकल कोरिलेशन करावे.' डॉक्टरांची तारीख दहा दिवसांनी आहे. काका म्हणतात, सहा ठिकाणी पसरला, आता पैसे घालू नका. धाकटा भाऊ सुरतला असतो, तो म्हणतो लगेच पेट स्कॅन करू. शेजारी म्हणतात, स्कॅनच्या आधी जे किरणोत्सारी इंजेक्शन देतात त्यानेच जास्त नुकसान होतं, आणि स्कॅन झाला त्याच रात्री माझी तीन वर्षांची मुलगी मायजवळ झोपली होती. मायला आम्ही काही सांगितलेलं नाही. काय करू?

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. विचारलेल्या प्रश्नांकडे येतेच, पण माझी नजर अडकली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर. माय गोठ्यात पडली होती. हे कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलंत का? नाशिकला स्कॅनच्या आधी जो फॉर्म भरून घेतात, त्यात 'पूर्वी हाडाला मार, फ्रॅक्चर' असा रकाना असतो. तिथे काय लिहिलंत? मला वाटतं, 'नाही' लिहिलं असणार. आपल्याकडे जे चार दिवसांत हळदीने बरं होतं त्याला कोणी मार म्हणतच नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवते. माहेर शिंदखेड्याकडचं, नोकरी मुंबईत. २६ वर्षं न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन फोटो काढतात त्या विभागात, टेक्निशियन होते. रिपोर्ट लिहिणं माझं काम नव्हतं, पण ज्या फोटोंवरून रिपोर्ट लिहितात ते फोटो काढण्यात माझं आयुष्य गेलं. तुमच्या मायचा आजार हाडात गेलाय की नाही, हे मी इथून सांगणार नाही आणि फोटो न बघता दुसरं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकूही नका. त्या कागदावर जे छापलंय त्याचा अर्थ कुठपर्यंत जातो, एवढं मात्र सांगू शकते.

बोन स्कॅनमध्ये कॅन्सर दिसत नाही. हे वाक्य ऐकून पेशंटसोबत आलेल्या कितीतरी मुलांनी डोळे मोठे केले आहेत, कारण आईबापांना स्कॅनला पाठवलेलंच कॅन्सर शोधायला असतं. शिरेतून जे औषध देतात त्यात टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य एका फॉस्फेटसारख्या पदार्थाला जोडलेलं असतं. हाड जिथे नव्याने घडत असतं तिथे हा पदार्थ जास्त जाऊन बसतो. मातीच्या घराला कुठे भगदाड पडलं की तिथे चिखलाच्या पाट्या जातात, तसं. ही किरणं टिपणारा गॅमा कॅमेरा एवढंच दाखवतो की पाट्या कुठे चालल्यात. भगदाड उंदराने पाडलं, पावसाने पाडलं की बैलाने शिंग मारलं, हे त्याला कळत नाही. कॅन्सरची पेशी हाडात शिरली की हाड स्वतःला दुरुस्त करायला धावतं, म्हणून तिथे काळा ठिपका उमटतो. रिपोर्टमधलं 'अपटेक वाढलाय' ते हेच. पण बरगडी तडकली तरी तेच, सांधा झिजला तरी तेच, हाडात जंतू शिरले तरी तेच.

मग इतकी बावळट तपासणी करायचीच कशाला? कारण ती फार लवकर आणि फार लांबवर बघते. साध्या एक्स-रेवर हाड पोखरलेलं दिसायला त्यातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज जावं लागतं. बोन स्कॅनला दुरुस्तीची चाहूल त्याच्या कितीतरी आधी लागते, आणि एकाच वेळी कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळा सांगाडा समोर येतो. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर पसरताना हाडांकडे, त्यातही मणके, कंबरेचं हाड, बरगड्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग इकडे जास्त जातो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी कंबरदुखी ऐकून स्कॅन सांगितला, ते योग्यच केलं. सुरुवातीच्या टप्प्यातला आजार, काही दुखत नाही, तरी 'एकदा बघून घेऊ' म्हणून केलेले स्कॅन मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यातून निघालेल्या नाहक भीतीही. मायचं तसं नाही.

आता तुमच्या रिपोर्टकडे या. काकांनी सहा ठिकाणं मोजली. मी तशी मोजणार नाही.

गुडघे बाजूला ठेवा. आयुष्यभर उकिडवं बसून निंदणी, खुरपणी केलेल्या ६१ वर्षांच्या बाईच्या गुडघ्यात अपटेक नसता तर मीच कॅमेरा तपासला असता. दोन्हीकडे सारखं असेल तर ती बहुधा झीज असते.

बरगड्यांचं मला जास्त बोलायचंय. सहावी, सातवी, आठवी, सलग तीन, एकाच बाजूला. तुमच्याकडे रिपोर्टसोबत एक्स-रेसारखी मोठी फिल्म किंवा सीडी दिली असेल. फिल्म खिडकीशी धरून बघा. दोन सांगाडे दिसतील, एक समोरून, एक पाठीमागून, पांढऱ्यावर राखाडी. डावीकडच्या बरगड्यांवरचे तीन ठिपके एकाखाली एक, शिलाईच्या टाक्यांसारखे रेघेत आहेत का? असतील तर फोटो वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार माराचा येतो. गव्हाणीच्या काठावर कुशीने पडलं की एका फटक्यात शेजारच्या तीन बरगड्या एकाच रेघेत तडकतात. कॅन्सर असा रेघ आखून सहसा बसत नाही. तो बसला तर बरेचदा बरगडीच्या लांबीने पसरलेला दिसतो. आणि तडकलेली बरगडी दुखायची थांबली तरी स्कॅनवर कित्येक महिने, कधी वर्षभरापेक्षा जास्त काळ काळी दिसत राहते. दिवाळीच्या आधी पडलेली माय जानेवारीत स्कॅनला गेली, म्हणजे दुरुस्ती ऐन भरात असतानाच.

फिल्म बघून तुम्ही घरी निकाल लावावा म्हणून हे लिहीत नाही. 'क्लिनिकल कोरिलेशन करावे' या शब्दांचा अर्थ कळावा म्हणून लिहिते. हे शब्द जवळजवळ प्रत्येक रिपोर्टखाली असतात, म्हणून लोक ते शिक्क्यासारखे सोडून देतात. त्याचा साधा अर्थ असा, की मी फक्त फोटो पाहिलाय, या बाईची बाकी हकीकत मला माहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याने ती फोटोशी ताडून पाहावी. ती हकीकत तुमच्या गोठ्यात आहे, भाऊ. मेटास्टेसिस म्हणजे कॅन्सर दुसरीकडे पसरणं, पण 'रूल आउट करावे' म्हणजे 'आहे' असंही नाही. शंका आहे, ती फेडून घ्या, इतकंच.

एक आठवण सांगते. आमच्या विभागात एक मावशी आल्या होत्या. फोटोत कंबरेच्या हाडावर उजवीकडे असा ठळक काळा डाग की आमच्या नवीन मुलाने मान खाली घातली. मी त्यांना उतरवलं, लघवीला पाठवलं, लुगडं बदलून गाऊन दिला आणि पुन्हा फोटो काढला. डाग गायब. औषध लघवीतून बाहेर पडतं, आणि लुगड्याच्या काठाला चार थेंब लागले होते, तेच हाडासारखे चमकले. तेव्हापासून त्या मुलाने आधी कापड तपासलं, मग मान खाली घातली.

हे सगळं वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल, पण एल-४ मला तसं वाटू देत नाही. एकटा मणका, तिथेच दुखणं, आणि आधी स्तनाचा कॅन्सर. याचा तपास व्हायलाच हवा. तीन शक्यता माझ्या डोक्यात येतात. मणक्याची झीज, जी या वयात फार असते. दबलेला मणका, जो त्याच पडण्याने दबला असेल. आणि तिसरी, तुम्हाला ज्याची भीती आहे ती.

दबलेल्या मणक्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण लेट्रोझोलची गोळी इथे येते. ती अंगातलं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हॉर्मोन, जवळजवळ बंद करते. आजारासाठी ते चांगलं, हाडांसाठी वाईट, हाडं विरळ होत जातात. म्हणून ही गोळी सुरू असणाऱ्या बायकांची हाडांची घनता मोजतात, त्या तपासणीला डेक्सा म्हणतात. आपल्याकडे डेक्साला आणि बोन स्कॅनला दोघांनाही लोक 'हाडांचा स्कॅन' म्हणतात आणि एक झालं की दुसरं झालंच असं समजतात. तालुक्याच्या शिबिरात टाच मशीनमध्ये घालून बघतात, ते तर तिसरंच. डेक्सा हाड किती भरीव आहे ते सांगतो, दुरुस्ती कुठे चालू आहे ते बोन स्कॅन सांगतो. मायचा डेक्सा झालाय का, हे विचारा. आणि गोळी मनाने बंद करू नका.

एल-४ चं उत्तर बहुतेक कमरेच्या एमआरआयने मिळेल. मशीन असेल तिथे बोन स्कॅनच्याच वेळी स्पेक्ट-सीटी करतात, म्हणजे चहूबाजूंनी काढलेले फोटो आणि सीटी एकत्र, त्यामुळे ठिपका मणक्याच्या नेमक्या कोणत्या भागात आहे ते कळतं. मागच्या छोट्या सांध्यात असला तर झिजेकडे झुकतं, मणक्याच्या खांबाच्या मागच्या भागात आणि खांबाला जोडणाऱ्या दांड्यात असला तर शंका वाढते. एमआरआयमध्येही शंका राहिली, तर सुईने हाडाचा तुकडा काढून तपासावा लागेल. तेव्हा गावात कोणीतरी 'लोखंड लागलं की पसरतो' म्हणेलच. तो तुकडा मात्र दुहेरी कामाचा असतो, आजार आहे की नाही ते कळतं आणि असला तर हॉर्मोनच्या गोळ्यांना दाद देणारा आहे का, हेही पुन्हा तपासता येतं. पहिल्या गाठीचा आणि हाडातल्या गाठीचा स्वभाव कधी कधी वेगळा निघतो आणि औषध त्यावर ठरतं.

धाकट्या भावाचं पेटबद्दल. पेट-सीटी चांगली तपासणी आहे. त्यात किरणोत्सारी साखर देतात आणि हाडांबरोबर फुप्फुस, यकृत, गाठी सगळं दिसतं. हाड फक्त पोखरलं जातंय, दुरुस्ती होतच नाही, अशा जागा बोन स्कॅनला हुकतात, त्या तिथे सापडू शकतात. पण ती महाग आहे, आणि आज तुमच्यापुढचा प्रश्न एका मणक्याचा आहे. एमआरआयने वाईट निघालं तर डॉक्टर कदाचित स्वतःच पेट सांगतील. सुरतला भावाच्या ओळखीने करून आणलेला पेट आणि नाशिकचा बोन स्कॅन घेऊन दोन डॉक्टरांत फिरत राहणारी घरं मी पाहिलीत. इलाज करणारा एकच डॉक्टर ठेवा, त्याला विचारून पुढचं पाऊल टाका. दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्या, परळच्या टाटाला जा, पण मूळ फिल्म, सीडी, ऑपरेशनचा बायोप्सी रिपोर्ट सगळं एका पिशवीत घेऊन. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पुढचं काय काय बसतं, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. तपासणी आधी बाहेरून पैसे भरून करायची आणि मग योजनेची चौकशी करायची, हा उलटा क्रम नको.

दहा दिवसांच्या तारखेबद्दल एक अट. मायच्या पायांत जोर कमी वाटू लागला, चालताना पाय लटपटले, मुंग्या वर चढू लागल्या, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, तर तारीख विसरा. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात न्या. मणक्यातल्या नसांवर दाब आला तर तासांचा हिशेब असतो, उशीर झाला तर गेलेली ताकद परत येत नाही. सारखी तहान, बद्धकोष्ठ, ग्लानी, असंबद्ध बोलणं, हे दिसलं तरी थांबू नका, रक्तात कॅल्शियम वाढल्याचं ते लक्षण असू शकतं. आणि तोवर कंबर चोळायला, 'बसवायला' कोणाकडेही नेऊ नका. आपल्याकडे हाड बसवणारे हाताने हुशार असतात, पण हा मणका आत्ता त्यांच्यासाठी नाही.

आता इंजेक्शन. शेजाऱ्यांना दोष देत नाही, 'किरणोत्सारी' शब्दच तसा आहे. टेक्नेशियम निसर्गात जवळजवळ सापडत नाही, १९३७ साली इटलीत सेग्रे आणि पेरियर यांनी ते ओळखलं, आणि नावाचा अर्थच 'कृत्रिम' असा. दवाखान्यात ते रोज सकाळी ताजं काढतात. शिशाच्या आवरणातल्या एका छोट्या खांबात मॉलिब्डेनम असतं, ते हळूहळू मोडून टेक्नेशियम होतं, आणि त्यातून खारं पाणी सोडलं की टेक्नेशियम पाण्याबरोबर उतरतं. आम्ही त्याला 'गाय दोहणं' म्हणायचो. आठवड्याने गाय भाकड होते, मग नवी येते.

त्याचं अर्धं बळ ६ तासांत संपतं. सकाळी दहाला दिलं तर दुपारी चारला अर्धं, रात्री दहाला पाव, पहाटे चारला दोन आणे, दुसऱ्या दिवशी दहाला एक आणा. त्यातलंही बरंच लघवीतून गेलेलं. मायला मिळालेला किरणांचा डोस साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, आकाशातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे दोन वर्षांची ही किरणं एका दिवसात, एवढाच हिशेब. त्या दिवशी लहान मुलांना आणि गरोदर बाईला जवळ घेऊन बसू नये, भरपूर पाणी प्यावं, असं सांगतात ती खबरदारी आहे. मुलगी एक रात्र आजीला बिलगून झोपली, त्याने तिला काही होणार नाही. तीन आठवडे झालेत, आज मायच्या अंगात त्यातलं काही उरलेलं नाही. तिच्या कुशीत मुलीला खुशाल झोपू द्या. मला वाटतं त्या रात्रीनंतर तुम्ही दोघींना लांब ठेवलं असेल, आणि मायला त्याचं कारणही कोणी सांगितलं नसेल.

आणि जर निघालंच? काकांना सांगा, हाडात गेलेला स्तनाचा कॅन्सर मुळापासून जात नाही हे खरं, पण 'पैसे घालू नका' हे खोटं. नुसता हाडांत असलेला, हॉर्मोनला दाद देणारा आजार घेऊन कित्येक बायका वर्षानुवर्षं घर चालवताना मी पाहिल्यात. गोळ्या बदलतात, दुखऱ्या जागी शेक देतात, तो कधी एकाच बैठकीत होतो. हाडं राखायला झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन देतात. ते सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण त्या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड कधी कधी भरतच नाही. माय मिश्री लावत असेल तर हिरड्यांची काय अवस्था आहे ते आधीच बघितलेलं बरं. आणखी एक. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत केलेला स्कॅन कधी आधीपेक्षा जास्त काळा दिसतो, कारण भरून येणारं हाडही पाट्या ओढतं. तो बघून घाबरून औषध सोडलेलं कुटुंब माझ्या ओळखीचं आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. छातीवर टाके आहेत, केस जाऊन परत आले, नाशिकला दिवसभर नेऊन मशीनखाली झोपवलं. तिला काही माहीत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? आमच्या टेबलावरून उतरताना खान्देशातल्या बायका भाषेवरून मला ओळखायच्या आणि हळूच विचारायच्या, 'बाई, मना फोटोमा काय निंघनं?' दारात मुलगा डोळ्यांनी खुणावत असायचा, सांगू नका. मी सांगू शकत नव्हते, तो अधिकार माझा नव्हता. पण घरी जाताना गाडीत सगळे गप्प आणि ती खिडकीबाहेर बघत, हे मला रात्री आठवायचं.

सगळं एकदम सांगा असं म्हणत नाही. जे खरं आहे तेवढंच सांगा, की मणक्यात एक जागा दिसलीय, ती कशाची ते अजून कळलेलं नाही, आणखी एक तपासणी करायचीय. तुम्हाला तसंही तिच्याशी बोलावंच लागणार आहे. कोणत्या कुशीवर पडली होती, आदळली कशावर, श्वास घेताना किती दिवस कळ येत होती, कंबर तेव्हापासूनच दुखते की नंतर सुरू झाली, रात्री पडून राहिलं तरी दुखते का, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. आज धार काढून झाली की तिच्या खाटेवर बसा आणि विचारा. ती सांगेल ते कागदावर तारखेनिशी लिहा, आणि तो कागद रिपोर्टच्या वर लावून डॉक्टरांना द्या. एमआरआय झाला की मला कळवा.